कागदावर मुरबाड, जमिनीवर आटगाव

ठाणे जिल्ह्यातल्या किन्हवलीच्या माणसाला आगगाडी गाठायची तर आधी शहापूरची एसटी, मग आसनगाव. मुरबाडकराची गाडी कल्याणला. टोकावड्याचा, म्हणजे माळशेजच्या पायथ्याचा माणूस स्टेशनावर पोचेपर्यंत अर्धा दिवस संपलेला असतो. आणि गंमत अशी, की हिंदुस्थानात पहिली प्रवासी गाडी धाववणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे (जीआयपी) कंपनीने आपला मुख्य मार्ग पहिल्यांदा आखला, तो याच मुलखातून. कल्याण, मुरबाड, माळशेज घाट आणि वर आळे, असा. १८४०च्या दशकातल्या पत्रांत आणि अहवालांत मुरबाडला रेल्वे येऊन गेलेली आहे. जमिनीवर ती आली शहापूर तालुक्यात, आणि किन्हवली राहिले या दोहोंच्या मधोमध.

या आखणीमागचा माणूस जॉन चॅपमन. जन्म १८०१चा, गाव लफबरो, इंग्लंडातल्या लेस्टरशायरमधले. घरचा धंदा जाळीदार कापडाची, म्हणजे लेसची यंत्रे बनवण्याचा. ही यंत्रे परदेशी विकायला तेव्हा इंग्रजी कायद्याची बंदी होती आणि गावात यंत्रे बनवणारे उदंड झाले होते. धंदा बुडाला. चॅपमनने बिऱ्हाड लंडनला हलवले, नियतकालिकांतून यंत्रांवर लिहून पोट भरले आणि हॅन्सम नावाच्या घोडागाडीत सुधारणा करून १८३६ साली तिचे पेटंट घेतले. लंडनच्या रस्त्यांवर पुढे कित्येक दशके जी घोडागाडी दिसत होती, तिचा गाडीवान मागे उंचावर बसायचा. ती बैठक चॅपमनच्या सुधारणेतली. त्यातून त्याला श्रीमंती आली नाही. चाळिशी उलटलेला, एकदा दिवाळे काढलेला, भांडवल नसलेला हा गृहस्थ हिंदुस्थानात रेल्वे बांधण्याच्या गोष्टी करू लागला, तेव्हा लोकांनी त्याला हसण्यावारी नेले नाही, याचे श्रेय त्याच्या लेखणीला द्यायला हवे. ईस्ट इंडिया कंपनी, मँचेस्टरचे गिरणीवाले, लंडनचे सावकार, मुंबईचे व्यापारी, सगळ्यांशी त्याने पत्रव्यवहार मांडला. कंपनी उभी राहिली ती आधी टपालात.

त्याच्या साऱ्या हिशेबाच्या मुळाशी होता कापूस. मँचेस्टरच्या गिरण्या अमेरिकेच्या कापसावर जगत होत्या आणि तो गुलामांच्या मेहनतीचा कापूस एक दिवस दगा देईल, ही भीती गिरणीवाल्यांना होती. वऱ्हाडात कापूस होता, पण तो बंदरावर पोचेपर्यंत त्याची माती होई. वऱ्हाडचा कापूस पूर्वी पूर्वेला जात असे. बैलांच्या पाठीवरून शेकडो मैल चालत गंगेकाठच्या मिर्झापूरला, तिथून होडीने कलकत्त्याला. मुंबई त्या मानाने जवळ, पण मध्ये सह्याद्री. लमाणांचे तांडे दिवसाला आठ-दहा मैल चालत, पाठीवर दोन्हीकडे गोण्या. वाटेत धूळ बसे, वळवाचा पाऊस गाठे, आणि मृग लागला की घाट चार महिने बंद. परतीच्या वाटेवर तोच तांडा कोकणातले मीठ वर नेई. चॅपमनचे म्हणणे थोडक्यात असे, की हा माल पश्चिमेला वळवा, आणि तो बैलाच्या पाठीवरून उतरवा.

कापूस पश्चिमेला वळवण्याची कल्पना मात्र त्याच्याआधी आपल्याच जिल्ह्यातल्या दोन भावांना सुचली होती. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या तारापूरचे विकाजी आणि पेस्तनजी मेहेरजी. कोकणातल्या जकातीचे मक्ते घेत घेत ही पारशी पेढी निजामाच्या राज्यात शिरली आणि १८२५च्या सुमारास तिने वऱ्हाडचा कापूस मुंबईला आणायला सुरुवात केली. पुढे हे भाऊ निजाम सरकारचे सावकार झाले. औरंगाबादच्या टांकसाळीतले रुपये पेस्तनजींच्या नावाने ‘पेस्तनशाही’ म्हणून ओळखले जात. इतका मान मिळालेली पेढी बुडाली ती निजामाने कर्जापोटी लावून दिलेला वऱ्हाडचा वसूल काढून घेतल्यामुळे. मग उरली ती पत्रे आणि अर्ज. ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत दाद मागून झाली. माल पश्चिमेला आला, माणसे पूर्वेला गेली आणि तिकडेच अडकली. चॅपमनने ज्या व्यापाराचे स्वप्न लंडनमध्ये रंगवले, त्याची जोखीम तारापूरकरांनी वीस वर्षे आधी स्वतःच्या पैशाने अजमावून पाहिली होती. त्यांच्यापाशी नव्हती ती लोखंडी वाट.

मुंबईतही विचार चालू होता. सरकारी इंजिनीअर जॉर्ज क्लार्क १८४३ साली भांडुपला गेला असता मुंबई ते ठाणे, कल्याण आणि पुढे घाटांपर्यंत रेल्वे नेण्याची कल्पना त्याला सुचली, असे सांगतात. १८४५ साली मुंबईच्या व्यापाऱ्यांनी रेल्वेसाठी मंडळ स्थापले. त्यात सर जमशेटजी जीजीभाई होते आणि जगन्नाथ शंकरशेट होते. लंडनची चॅपमनची कंपनी आणि हे मुंबईकर लवकरच एकत्र आले.

इथे मुरबाड पुन्हा येते. नाना शंकरशेटांचा जन्म मुरबाडचा, १० फेब्रुवारी १८०३चा. मुरकुटे हे मूळ आडनाव. घराणे व्यापारासाठी आधीच मुंबईला सरकलेले होते. वडील १८२२ साली वारले आणि एकोणिसाव्या वर्षी पेढी नानांच्या हाती आली. बाजारातल्या त्यांच्या पतीविषयी एक गोष्ट नेहमी सांगितली जाते आणि ती सांगण्यासारखीच आहे: अरब आणि अफगाण व्यापारी आपली रोकड आणि जडजवाहीर बँकेत न ठेवता नानांकडे ठेवत. इंग्रज कंपनीच्या दृष्टीने अशा माणसाची सही भांडवलाइतकी मोलाची होती. लंडनच्या भागधारकाने मुंबईच्या चिखलात पाय ठेवलेला नव्हता. त्याला खात्री हवी होती, की तिथले शहाणे, पैसेवाले लोक या कामात आहेत. नाना आणि जमशेटजींची नावे ती खात्री देत होती.

नानांनी आपले गाव मार्गावर यावे म्हणून खटपट केली असेल, असे वाटणे साहजिक आहे. मला ते पटत नाही. मार्ग ठरला तो व्यापारी हिशेबाने, आणि हिशेब मोठा चतुर होता. घाट चढणे हाच सगळ्यांत खर्चाचा भाग, तर तो एकदाच चढावा. माळशेजने वर गेले की आळ्याला पोचतो. तिथून एक फाटा उत्तर-पूर्वेला वऱ्हाड-नागपूरकडे, दुसरा दक्षिण-पूर्वेला सोलापूर-हैदराबादकडे. एका घाटात दोन दिशा. आज आळेफाट्यावर उभे राहून पाहावे. नाशिक-पुणे आणि कल्याण-नगर हे दोन हमरस्ते जिथे एकमेकांना छेदतात, त्याच टापूत चॅपमनच्या कागदावर जंक्शन होते.

शिवाय या वाटेला दोन हजार वर्षांचा दाखला होता. माळशेजच्या शेजारीच नाणेघाट. सातवाहनांच्या काळी जुन्नरहून कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे उतरणारा माल याच वाटेने आला. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा, असे म्हणतात, आणि तिथल्या लेण्यात राणी नागनिकेचा शिलालेख आहे. म्हणजे पैठणचा व्यापारी जी वाट चालला, तीच लफबरोच्या माणसाने नकाशावर ओढली. त्याला हे ठाऊक असायचे कारण नाही. डोंगर उतरायच्या जागा मोजक्याच असतात.

१८४५ साली चॅपमन स्वतः मुंबईला आला, घाटांच्या पाहणीचे काम लावून दिले आणि १८४६ साली परत गेला. त्या काळी मुंबईचे पत्र सुएझमार्गे लंडनला पोचायला महिना-सव्वा महिना लागे, उत्तराला तेवढाच. मुंबईच्या व्यापाऱ्याने एक प्रश्न विचारला की उत्तर यायला अडीच महिने, आणि तोपर्यंत लंडनचा बाजार कुठल्या कुठे गेलेला. तसेच झाले. इंग्लंडात तेव्हा रेल्वेच्या शेअरांचे वेड शिगेला होते. १८४७च्या आसपास ते उतरले आणि सट्टेबाजांबरोबर साधे लोकही धुऊन निघाले. हिंदुस्थानातल्या, न पाहिलेल्या डोंगरातल्या रेल्वेत पैसे घालायला आता कोण तयार होणार? कंपनीने सरकारकडे व्याजाची हमी मागितली. दोन वर्षे घासाघीस चालली. पाच टक्के द्यायला ईस्ट इंडिया कंपनी राजी झाली आणि १७ ऑगस्ट १८४९ रोजी करार झाला. भांडवल पाच लाख पौंड, जमीन फुकट, आणि मंजुरी मात्र फक्त मुंबई ते कल्याण या पहिल्या तुकड्याला, प्रयोग म्हणून. पुढचा विचार अजून माळशेजचाच होता.

या करारातली मेख पाहण्यासारखी आहे. फायदा झाला तर भागधारकांचा. कमी पडले तर पाच टक्क्यांपर्यंतची भरपाई हिंदुस्थानच्या तिजोरीतून. त्या तिजोरीत शेतसाऱ्याचा पैसा होता, आणि तो सारा कोळवणातलाही होता. कोळवण म्हणजे आजचा शहापूर तालुका. किन्हवलीच्या खाचरातला भात विकून भरलेल्या साऱ्यातला अंश लंडनच्या एखाद्या पेन्शनर बाईच्या व्याजात गेला असेल, आणि तिने किन्हवलीचे नाव कधी ऐकलेही नसेल.

सारा भरण्यासाठी कर्ज, कर्जासाठी सावकार, सावकारासाठी अंगठा. या साखळीविरुद्ध त्याच काळात, त्याच डोंगरांत आग पेटलेली होती. चॅपमनची माणसे घाट मोजत होती, तेव्हा राघोजी भांगरे सह्याद्रीच्या कड्यांवर होते. अकोले तालुक्यातल्या देवगावचे हे महादेव कोळी पुढारी. १८४४पासून त्यांनी नगर, पुणे, नाशिक आणि ठाणे जिल्ह्यांच्या डोंगरपट्टीत सावकार आणि सरकार यांना सळो की पळो केले. सावकारांच्या वह्या जाळणे, त्यांची नाके कापणे असे प्रकार इंग्रजी दप्तरांत नोंदलेले आहेत. राघोजी १८४८च्या जानेवारीत पंढरपुरात पकडले गेले आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. रेल्वेचा इतिहास आणि आदिवासी उठावाचा इतिहास आपण वेगवेगळ्या पुस्तकांत वाचतो. डोंगर मात्र एकच होता. एकाला तो चढाचा कोन वाटला, दुसऱ्याला आसरा.

चॅपमनला पुढचे पाहायला मिळाले नाही. हमीच्या वादात आणि मानधनाच्या हिशेबात त्याचे संचालकांशी बिनसले, भागधारकांना उद्देशून त्याने पत्रेही छापली. कंपनी उभी करणारा माणूस कंपनीबाहेर पडला. मग तो कापसावर पुस्तक लिहीत आणि गोदावरीच्या पाटबंधाऱ्यांचे बेत आखत राहिला. ११ सप्टेंबर १८५४ला, लंडनमधल्या कॉलऱ्याच्या साथीत तो गेला. मुंबईच्या बाजूने पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ला निघाली होती: दुपारी साडेतीन, चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे, एकवीस तोफांची सलामी. नाना त्या गाडीत होते.

माळशेजचे काय झाले? १८५०च्या फेब्रुवारीत जेम्स बर्कली हा तरुण मुख्य इंजिनीअर म्हणून मुंबईत उतरला. वय तीस. रॉबर्ट स्टीफन्सनने त्याची शिफारस केली होती. बर्कलीने सह्याद्री पुन्हा पाहिला आणि एका घाटात दोन दिशा हा चतुर हिशेब मोडीत काढला. कारण मुरबाडच्या कोणालाही ठाऊक असलेले. टोकावडे सोडले की पुढे भिंत उभी राहते. थळ घाटात कसाऱ्याकडे जाणारे खोरे आधीच हळूहळू चढत येते, भोर घाटात डोंगराच्या सोंडा पुढे आलेल्या आहेत, त्यांच्या कडेकडेने लोहमार्ग वळवत नेता येतो. माळशेजात तशी सोयच नाही. बैल चढतो, माणूस चढतो. आगगाडीला मात्र ती वाट जमण्यासारखी नव्हती. बर्कलीने सांगितले, दोन दिशांना दोन घाट घ्या, थळ आणि भोर. खर्च दुप्पट, पण गाडी वर पोचेल. त्याचे ऐकले गेले, आणि कल्याण जंक्शन झाले. आळ्याचे जंक्शन डोंगर उतरून कल्याणला आले म्हणा ना.

मग कल्याणहून रूळ शहापूर तालुक्यात शिरले. कल्याण १ मे १८५४, वाशिंद १ ऑक्टोबर १८५५. तिथे गाडी चार वर्षांहून जास्त थांबली. आसनगाव गाठायला फेब्रुवारी १८६० उजाडला. या चार वर्षांत वाशिंद म्हणजे रेल्वेचे शेवटचे टोक. आग्रा रोडने थळ घाट उतरून आलेला माल वाशिंदला डब्यात चढे, आणि भातशेतांच्या मधले हे खेडे काही काळ खानदेश-वऱ्हाडचे बंदर बनले. १ जानेवारी १८६१ला गाडी कसाऱ्याला पोचली. आटगाव, खर्डी ही नावे वेळापत्रकात चढली.

कसारा ते इगतपुरी हे अंतर सव्वानऊ मैलांचे, चढ ९७२ फुटांचा. कागदावर किरकोळ दिसतो. सदतीस फुटांमागे एक फूट चढ, बोगद्यांची रांग आणि एहेगावच्या दरीवर जवळजवळ दोनशे फूट उंचीचा पूल. एके ठिकाणी तर गाडी सरळ चढेना, म्हणून रूळ डोंगराच्या टोकापर्यंत नेऊन संपवले आणि तिथून इंजिन दुसऱ्या बाजूला लावून गाडी उलट दिशेने वर नेली. खडक फोडला तो सुरुंगाच्या दारूने आणि माणसांच्या हातांनी. पावसाळ्यात काम बंद, उन्हाळ्यात कॉलरा, बाकी वर्षभर हिवताप. वर्षभर टिकणारा मजूर विरळा. त्यांची नावे कोणत्याही पत्रव्यवहारात नाहीत. आजही कसाऱ्याला गाडी थांबते, मागून जादा इंजिने लागतात, एक धक्का बसतो आणि मग गाडी वर निघते. मुंबई-नाशिकच्या प्रवाशाला वाटते उगाच वेळ काढताहेत. तो चढ बर्कलीच्या काळापासून तसाच आहे. बर्कली स्वतः १८६२ साली, बेचाळिसाव्या वर्षी इंग्लंडात वारला. थळ घाट खुला झाला १ जानेवारी १८६५ला.

आता या तारखेकडे जरा थांबून पाहू. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध. चॅपमनने पंधरा-वीस वर्षे आधी सांगितलेला धोका खरा ठरला होता. अमेरिकेचा कापूस बंद झाला, मँचेस्टर हिंदुस्थानच्या कापसासाठी वाटेल तो भाव द्यायला तयार झाले, आणि मुंबईत पैशाचा पूर आला. या चारही वर्षांत वऱ्हाडचा कापूस घाट उतरत होता तो बैलांच्याच जिवावर. कारण घाटातली रेल्वे अपुरी होती. ती पुरी झाली आणि तीन-चार महिन्यांत, एप्रिल १८६५मध्ये अमेरिकेतले युद्ध संपले. भाव कोसळले. १ जुलैला मुंबईतल्या सट्ट्याचे वायदे पुरे करायचे होते. पेढ्या, बँका, कंपन्या पत्त्यांसारख्या पडल्या. ३१ जुलै १८६५ला नाना शंकरशेट वारले. ज्या व्यापारासाठी रेल्वे बांधली, त्याचा सुवर्णकाळ रेल्वेशिवाय येऊन गेला होता. कापूस मग नियमित येऊ लागला. १८६७ साली रूळ नागपूरला पोचले आणि मिर्झापूरची वाट कायमची सुटली.

मुरबाडला काय मिळाले? तोटा असा एकदम दिसणारा नव्हता. माळशेज, नाणेघाट यांवरून उतरणारे तांडे विरळ होत गेले, कारण घाटमाथ्यावरचा माल आता तळेगाव किंवा इगतपुरीकडे वळला. कल्याणच्या बाजारात मुरबाडचा तांदूळ बैलगाडीनेच जात राहिला. बैलाची किंमत मात्र इथे टिकली: पौष पौर्णिमेला म्हशाच्या खांबलिंगेश्वराच्या जत्रेत बैलांचा मोठा बाजार आजही भरतो. शहापूरला स्टेशने मिळाली. स्टेशनांवरून तालुका बाहेर जायला लागला: लाकूड, गवत, भात, आणि मागोमाग माणसे. १८९२ साली तानसाचे धरण झाले आणि पाणीही निघाले मुंबईला. पश्चिमेला जाणे हा या मुलखाचा जुना धर्मच आहे म्हणायचा, फक्त प्रत्येक वेळी जाणारी वस्तू वेगळी. किन्हवलीला दोन्ही बाजूंचे थोडेथोडे आले. बाजार टिकला, कारण स्टेशन लांब होते आणि आसपासच्या पाड्यांना मिठा-मिरचीसाठी इथेच यावे लागे. लांब राहण्याचाही एक फायदा असतो, पण तो किन्हवलीतल्या कॉलेजच्या पोराला पहाटे एसटीची वाट पाहताना समजावून सांगायला जाऊ नये.

नानांची आठवण रेल्वेने ठेवली आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या दर्शनी भिंतीवर त्यांचा आणि जमशेटजींचा चेहरा दगडात कोरलेला आहे. चॅपमन सहसा कोणाला आठवत नाही. मुंबई सेंट्रल स्थानकाला नानांचे नाव द्यावे, ही मागणीही बरीच जुनी. ते स्थानक १९३०चे, आणि ते बांधले बीबीसीआय या दुसऱ्याच कंपनीने, नानांच्या जीआयपीने नव्हे. मुरबाडकरांचे त्यावर फारसे म्हणणे नाही. त्यांचे अर्ज कल्याण-मुरबाड रेल्वेसाठी आहेत.